अर्चिनची अंडी आणि पोरीचा कान

सी-अर्चिन या समुद्रातल्या काटेरी जीवाच्या तोंडाभोवती मऊ कातडीचं एक कडं असतं. बाकी सगळं अंग म्हणजे कवच आणि काटे. सुई घालायची ती त्या मऊ जागेतूनच. आत पोटॅशियमच्या मिठाचं पाणी सोडायचं आणि मग तो जीव मुठीत धरून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखा हलवायचा. काटे वेडेवाकडे फिरू लागतात, आतले स्नायू आवळून येतात. मग त्याला पेल्यावर पालथं घालायचं. मादी असली तर पाठीवरच्या बारीक छिद्रांतून अंडी ओघळतात, नर असला तर दुधासारखं बीज. प्रेमानं मागितलं तर अर्चिन काही देत नाही.

हे मी अमरावतीत, माझ्या जेवणाच्या टेबलावर करत होते आणि माझी माय समोर खुर्चीवर बसून बघत होती.

"अवं, कावून टोचून राहिली त्याले?"

"अंडी पाहिजेत, माय."

"आन् नाई देल्ली तं?"

"पुन्हा टोचीन."

"बाप्पा! हे तं धोतऱ्याचं फळ दिसते, मले वाटलं शांत असंन बिचारं." आणि ती हसली. मायला दुसऱ्याचा जीव आवळून येताना बघायची सवय आहे. मलाही आहे. ती कुठून आली ते पुढे सांगते.

मी प्राणीशास्त्र शिकवते. तरुणपणी काही वर्षं कोकणात, समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत काढली, मग नोकरी लागली ती इथे, जिथून समुद्र दिसायला दिवसभराचा प्रवास करावा लागतो. तेव्हापासून अर्चिनचं अंडं मी फळ्यावर खडूनं काढत आले. या हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या एका जुन्या ओळखीनं थर्माकोलच्या खोक्यात ओल्या शेवाळात गुंडाळलेले जिवंत अर्चिन ट्रॅव्हल्सनं पाठवले. सोबत समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन. एक कॅन वाटेत फुटला. दुसरा धड आला.

शनिवार-रविवार कॉलेजला कुलूप असतं आणि अंडी थांबत नाहीत, म्हणून मी सगळं घरीच मांडलं. एका वाडग्यात नुसती फळलेली अंडी. दुसऱ्या वाडग्यात अंड्यांबरोबर एक औषध, जे पेशीला जनुकांवरून नवीन आरएनए उतरवू देत नाही. औषध विषारी आहे. ते घरी आणायलाच नको होतं, पण या लिखाणात ती सगळ्यात छोटी गोष्ट आहे.

मला मुलांना जे दाखवायचं होतं ते असं. पेशीतलं काम प्रथिनं करतात आणि कोणतं प्रथिन बनवायचं हा निरोप आरएनए आणतो. दुसऱ्या वाडग्यातल्या अंड्याला नवा निरोप लिहिताच येत नाही. म्हणजे ते जागच्या जागी मरायला हवं. मरत नाही. त्याचे दोन होतात, चार होतात, आठ होतात, शेवटी पेशींचा एक पोकळ चेंडू होतो. कारण अंडं अंडाशयात असतानाच आईनं त्यात निरोपांचा साठा भरून ठेवलेला असतो. मुका साठा. बीज मिसळलं की तो वाचला जातो, भराभर प्रथिनं बनायला लागतात आणि सुरुवातीचं सगळं बांधकाम आईच्या हुकमावर होतं. गर्भाचं स्वतःचं असं त्यात जवळजवळ काही नसतं.

ही गोष्ट माझी मुलगी लहानपणापासून ऐकत आली. मी स्वयंपाक करताना तास पाठ करायचे आणि ती ओट्यावर बसून ऐकायची. आता ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, कॉमर्सला. तिचे बाबा धारणीला नोकरीला, घरी येतात ते सुट्टीला. त्यामुळे घरात आम्ही तिघी.

रविवारी सकाळी मला भातकुलीकडे एका लग्नाला जायचं होतं. निघताना मुलीला म्हटलं, "ह्या पहिल्या वाडग्यातलं वरचं पाणी हळूच काढ आणि कॅनमधलं ताजं घाल. दुसऱ्याला हातही लावू नको." ती मोबाइलमधून मान वर न काढता "हो" म्हणाली.

दुपारी परत आले. चपला काढायच्या आधी सूक्ष्मदर्शकापाशी गेले. पहिल्या वाडग्यातला थेंब काचेवर घेतला.

तो देखावा मी विसरणार नाही. आदल्या रात्रीपर्यंत रेखीव असलेले चेंडू फुगून उसवले होते. पेशी एकेक सुटून टम्म झाल्या होत्या, आणि मी बघत असतानाच त्यातल्या काही फुटल्या. फुटताना आवाज होत नाही. कडा पातळ होत जाते, मग एका जागी फाटते आणि आतला ऐवज धुरासारखा बाहेर येतो. थेंबभर पाण्यात कत्तल चालली होती. थेंबामागून थेंब घेतले, सगळीकडे तेच.

"पाणी कोणतं घातलंस?"

मुलगी ओट्याशी उभी होती. "कॅनमधलं संपत आलं होतं ना. आत तळाशी कचरा होता. मग आजीचं घातलं."

"आजीचं?"

"विहिरीचं. खारंच असते ना ते. मी चाखून पाहिलं, आई. आजीलेही विचारलं."

माय आतून म्हणाली, "हाव, मीच म्हनलं. खारं थे खारं."

इथे जरा थांबून हे पाणी सांगायला हवं. माझं माहेर खारपाणपट्ट्यातलं. तिथे जमिनीखालचं पाणी खारट, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पण जन्मभर तेच प्यायलेल्या मायला आता शहराचं नळाचं पाणी फिक्कं लागतं. तिच्यासाठी दर आठवड्याला गावच्या विहिरीचा एक कॅन येतो, आणि तो आमच्या ओट्याखाली असतो. आमच्याकडे वाढलेल्या प्रत्येकाला मनातून वाटत असतं की समुद्र म्हणजे आपलीच विहीर, फक्त मोठी. मी स्वतः पहिल्यांदा किनाऱ्यावर गेले तेव्हा ओंजळभर पाणी बिनधास्त तोंडात घेतलं होतं आणि ओकले होते. समुद्रापुढे आमची विहीर म्हणजे गोड पाणीच. समुद्राच्या अंड्याला त्यात टाकलं की ते पाणी पीत सुटतं आणि फुटतं. हे मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. मी तिला सांगितलं नव्हतं.

आणि तरी मी मारलं.

हात उघडा होता, पण तळवा थोडा वाडग्यासारखा वळलेला. तो तिच्या डाव्या कानावर बसला. ती ओट्यावर आदळली, ओट्यावरचं भांडं कलंडलं. मी दुसरी थप्पड मारली, ती खांद्यावर लागली. तिसरी मारायला हात उचलला तेव्हा ती खाली बसली होती आणि कानावर हात धरून तोंड उघडं ठेवून नुसती बघत होती. रडत नव्हती. मी ओरडत होते. काय ओरडत होते ते मला नंतर तिनंच सांगितलं: "पाण्यात पाणी मिसळलं! पाण्यात पाणी मिसळलं!"

हे वाक्य माझं नव्हतं.

माहेरी आमच्या घरी दोन रांजण होते, एक खाऱ्याचा, एक गोड्याचा. गोडं पाणी लांबून बैलगाडीवर टाकीत यायचं आणि ते फक्त पिण्याला आणि डाळीला. लहान असताना एकदा मी भरलेली कळशी चुकून गोड्याच्या रांजणात रिकामी केली. खाऱ्याची कळशी. माय उंबऱ्यातून आली, चुलीशेजारच्या गंजीतून एक पऱ्हाटी ओढली, वाळलेल्या कपाशीचं ते खोड, आणि मला अंगणात घेतलं. पऱ्हाटीला बारीक फांद्यांचे खुंट असतात, ते कातडं घेऊन निघतात. एक तुटली, तिनं दुसरी घेतली. दर फटक्याला ती तेच म्हणत होती. पाण्यात पाणी मिसळलं. शेजारच्या बाया कुडापलीकडून बघत होत्या. एकीनं "पुरे वो बाई, मरन पोरगी" म्हटलं, तेव्हा मायनं तिच्याकडे पऱ्हाटी रोखली. शाळेत बाईंनी पायावरचे वळ बघून विचारलं तर मी म्हटलं, बाभळीत पडली.

ते एकदाच झालेलं नाही. मायचा हात ही आमच्या घरातली रोजची गोष्ट होती. सांडलं, फुटलं, उशीर झाला, तोंड वर करून बोललं, की हात.

मी शिकले, नोकरीला लागले, आणि माझ्या मुलीलाही मारलं. ओट्याशी मारलेली थप्पड पहिली नव्हती. तिच्या लहानपणी अभ्यासावरून, उलट बोलण्यावरून, कितीदा. मी काठी कधी वापरली नाही. याचा मला चक्क अभिमान होता. मायच्या मानानं मी फारच सुधारलेली, असं मी स्वतःला सांगत आले. कॉलेजात माझ्याइतकी शांत बाई नाही असं मुलं म्हणतात.

तर त्या दुपारी मुलगी उठली, बेसिनशी गेली, आणि म्हणाली, "आई, ह्या कानातून शिट्टी वाजून राहिली नुसती." बोटाला रक्ताचा पुसट डाग होता.

माय दाराशी आली होती. तिनं नातीला जवळ घेतलं, कानाला पदराचं टोक लावलं, आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती मला शिव्या देईल. ती हळू आवाजात म्हणाली, "माहा हात होता थो. मी वळखला."

मी सूक्ष्मदर्शकापाशी जाऊन बसले. हेही सांगून टाकते: पोरीच्या कानातून रक्त येत होतं आणि मी दुसरा वाडगा बघत होते. तो शाबूत होता. औषधातले ते पोकळ चेंडू गरागरा फिरत होते, दिसायला एकदम सशक्त. त्यांना पुढे काही होणार नव्हतं. आईचा साठा संपला की ते तसेच फिरत राहतात, आत आतडं तयार होत नाही, आणि मग तेही विरघळतात.

अमरावतीत कानाचे डॉक्टर भरपूर आहेत. निम्म्यांची मुलं माझ्याकडे शिकलेली. म्हणून मी तिला अकोल्याला नेलं. "तिथल्या डॉक्टर चांगल्या आहेत," असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "हो का." एवढंच.

डॉक्टर बाईंनी कानात दिवा घालून बघितलं. पडदा फाटला होता. "कशानं झालं?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "कापसाची काडी घालत होते कानात. दाराचा धक्का लागला."

बाभळीत पडली. तोच आवाज, तीच सफाई. मला वाटलं आता खरं सांगावं. मी पर्सची चेन उघडली आणि बंद केली.

"काडी आत गेली असेल," डॉक्टर म्हणाल्या, "तर पडद्यामागच्या बारीक हाडांना लागलं असण्याची शक्यता आहे. पाणी जाऊ देऊ नका, नाक जोरात शिंकरू नका. काही आठवडे बघू. ऐकू येणं सुधारलं नाही तर कान उघडून बघावा लागेल."

त्या आठवड्यांमध्ये घरात कोणी आवाज चढवला नाही. मुलगी टीव्ही मोठ्यानं लावायची आणि मान तिरकी करून बघायची. तिच्या बाबांनाही तिनं काडीचीच गोष्ट सांगितली, फोनवर, माझ्यासमोर. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी राहिले.

एका संध्याकाळी मी तिच्या खोलीत गेले आणि जे बोलायला गेले ते सोडून भलतंच बोलले. म्हटलं, माझ्या हातात माझं काही नसतं गं, हात आधीच उठलेला असतो. म्हटलं, तुला ती अंड्याची गोष्ट माहीत आहे ना, आईनं भरून ठेवलेला साठा...

तिनं चांगला कान माझ्याकडे केला आणि पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तो साठा किती वेळ चालते?"

"पोकळ चेंडू होईपर्यंत."

"मग?"

"मग गर्भाला स्वतःचे निरोप लिहावे लागतात."

"आन् तू?" ती म्हणाली. "तू अजून चेंडूच आहेस का? केस पिकले तुझे."

मी हसले. ती हसली नाही. "मला ती गोष्ट परत सांगू नको. मला आवडायची ती."

मी खोलीबाहेर आले. माय पलंगावर बसून ऐकत होती. "काय म्हने पोरगी?" तिनं विचारलं. मी सांगितलं. माय बराच वेळ पायाची बोटं चोळत राहिली. "मले कोनी इचारलंच नाई असं," ती म्हणाली. "तू काहून नाई इचारलं?"

"तू मारलं असतं, माय."

"हाव," ती म्हणाली. "मारलंच असतं."

दुसऱ्यांदा अकोल्याला गेलो तेव्हा बसमध्ये मुलीनं खिडकीची जागा घेतली, त्यामुळे तिचा फाटका कान माझ्याकडे आला. मूर्तिजापूरच्या अलीकडे, बस खड्ड्यांतून आदळत असताना, मी त्या कानापाशी तोंड नेऊन म्हटलं, "माफ कर मला." ती वळली. "काय? ह्या बाजूनं बोल ना."

मी म्हटलं, "काही नाही. पाणी पाहिजे का विचारलं."

इतकी भित्री आहे मी.

दवाखान्यात पुन्हा तपासणी झाली. काचेच्या खोलीत हेडफोन लावून मुलगी बसली, आवाज आला की बोट वर करायचं. मी बाहेरून बघत होते. उजव्या कानाला बोट भराभर वर जात होतं. डाव्याच्या वेळी हात मांडीवर पडून राहिला, मग अर्धा उचलला, मग खाली गेला.

डॉक्टर बाई कागद बघत म्हणाल्या, "जितकं सुधारायला हवं होतं तितकं नाही. काडीची इजा आहे, आत हाड सरकलेलं असलं तर थांबण्यात अर्थ नाही. आपण उघडून बघू. भूल देऊन, छोटं ऑपरेशन आहे. पुढच्या आठवड्यात चालेल?"

मुलीचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. सरळ डॉक्टरांकडे बघत म्हणाली, "चालेल."

मी मारलेल्या कानाला आता सुरी लागणार होती, आणि ती पोरगी माझी लाज झाकायला भूल घ्यायला तयार होती. मला अर्चिन आठवला, मुठीत आवळून येणारा.

"काडी नव्हती," मी म्हटलं.

डॉक्टरांनी मान वर केली.

"मी मारलं. थप्पड. ह्या हातानं."

मुलगी म्हणाली, "आई..."

"जोरात मारलं. आधीही मारत आले."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. काही क्षण त्या फक्त माझ्या हाताकडे बघत होत्या, जो मी नकळत टेबलावर पालथा ठेवला होता. मग चिडल्या. "हे त्याच दिवशी सांगायचं ना, बाई! शिकलेल्या दिसता. थपडेच्या हवेनं पडदा फाटतो तेव्हा आतली हाडं बहुतेक शाबूत असतात, तो आपला आपण जुळू शकतो, वेळ लागतो. मी पोरीचा कान उघडायला निघाले होते!" त्यांनी पुन्हा दिवा घेऊन कानात बघितलं, बराच वेळ. "कड धरते आहे. थांबू आपण. ऑपरेशन नको आत्ता."

"ऐकू येईल ना?" मी विचारलं.

"आत्ता सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. मग मुलीकडे वळून, माझ्याशी बोलल्या त्यापेक्षा अगदी वेगळ्या आवाजात, "तुझ्याशी थोडं एकटीशी बोलायचं आहे. चालेल ना?" आणि मला, "तुम्ही बाहेर बसा."

दार लागलं. बाहेरच्या बाकावर मी बसले. त्या आत काय विचारत असतील ते मला कळत होतं. पुन्हा होईल असं वाटतं का. घरी भीती वाटते का. मुलगी काय सांगत होती ते मला ऐकू येत नव्हतं. दार जाड होतं आणि पंखा खडखडत होता. मी कान देऊन बसले, पण एक शब्द आला नाही.

शेजारी एक हिवरखेडकडची बाई मांडीवर लहान पोर घेऊन बसली होती. पोराच्या कानात कापूस. मघापासून ती माझ्याशी बोलायला बघत होती.

"तुमचा कोनता कान वो, बाई?"

"माझा नाही," मी म्हटलं. "पोरीचा. डावा."

"काय झालं तिले? पडली काय?"

बाभूळ जिभेवर आलीच होती. मी ती गिळली.

"नाही," मी म्हटलं. "मी मारलं."

बाईनं माझ्याकडे बघितलं.  मांडीवरचं पोर तिनं माझ्या बाजूच्या हातातून उचलून पलीकडच्या हातात घेतलं, आणि आम्ही दोघी त्या बंद दाराकडे बघत बसलो.